रुखवतगड पडला त्याची हकीकत

॥ श्री लाडूप्रिय गजानन प्रसन्न ॥

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी दोन राज्यांत सोयरीक जाहली, आणि त्याच मुहूर्तावर रुखवतगड उभा राहिला आणि त्याच दिवशी पडला. साहेबी आज्ञा केली की, गड कैसा बांधिला, कोणी लुटिला आणि शेवट काय जाहला हे साद्यंत लेहून धाडणे, लोक नाना तऱ्हेने सांगतात आणि दर खेपेस लाडू वाढवितात. त्यावरून जे डोळां देखिले आणि जे विश्वासू मुखे ऐकिले तेवढेच लिहितो. लेखक लढाईचे समयी पाण्याच्या पिंपापाशी उभा होता, सबब त्यास सर्व दिसले आणि हाती काही लागले नाही, म्हणोन त्याची साक्ष निःपक्षपाती जाणावी.

वधूकडील राज्याचे धनी दिगंबरपंत. स्वभावे भिडस्त, वरपक्षाचा फोन आला तर उभे राहोन बोलत. त्यांची बहीण भामाबाई आत्यासाहेब, लग्न केले नाही, भावाचे घरी राहिल्या, आणि भावजय मंदाकिनीबाई अल्प वयात आजारी पडोन गेल्या त्या वेळी उशाशी त्याच बसल्या होत्या. मंदाकिनीबाईंची कन्या ऋजुता तेव्हा पाळण्याबाहेर नुकती आली होती. मंदाकिनीबाईंनी नणंदेचा हात धरिला आणि बोलिल्या, "वन्सं, माझ्या पोरीचं रुखवत तुम्हीच मांडा. आणि सासरी पोचतं करा." भामाबाईंनी "हो" म्हटले, आणि तो एक शब्द त्यांनी पुढे सारे आयुष्य पदराच्या गाठीस बांधोन ठेविला. आता रुखवत म्हणजे काय, हे साहेबांस ठाऊकच आहे, परंतु पुढील पिढीस कळावे म्हणोन लिहितो. वधूपक्षाने आपल्या हातचे कसबाचे जिन्नस आणि गोडधोड लग्नाचे जागी मांडावे, विहीणबाईंस हाताला धरोन आणोन दाखवावे, विहीणबाईंनी मनातून थक्क व्हावे आणि तोंडाने "छान आहे हो" एवढेच म्हणावे, मग सर्व सरंजाम वरपक्षाचे घरी रवाना व्हावा. तोवर त्यास कोणी दात लावू नये, ही रीत. गावात कोणाचीही लेक उजवायची जाहली की भामाबाईंस बोलावणे येई, आणि बाई जात आणि कागदाची कमळे करीत आणि साखरेची वृंदावने उभारीत. बाईंचा नेम असा की रुखवताचा पदार्थ आपणही चाखू नये. मीठसाखरेचा अंदाज हाताने आणि वासाने. "रुखवत डोळ्यांनी खायचं असतं," ऐसे त्या म्हणत. त्यामुळे इतकी वर्षे लाडू वळिले ते लोकांच्या तोंडी कैसे लागतात, हे बाईंनी कधी पाहिले नव्हते, आणि लाडू सासरी जाऊन डब्यात बसत, पुढे त्यांचे काय होई ते डबाच जाणे.

ऐसे असता ऋजुतेची सोयरीक वरकडील राज्याशी ठरली. मुलगा निनादराव, सालस. त्याची मातुश्री शालिनीबाई विहीणसाहेब, कर्तृत्ववान बाई, आवाज मृदू आणि हुकूम पक्का. लग्नास महिना राहिला असता त्यांचा फोन दिगंबरपंतांस आला, आणि पंत उभे राहिले. विहीणबाई म्हणाल्या, "ते रुखवत वगैरे काही नको हं. हल्ली कोण करतं! आम्ही डेझर्ट टेबल ठेवतोय, मी स्वतः ठरवलंय सगळं." पंत "बरं बरं" म्हणाले. वास्तविक त्यांस ना डेझर्ट टेबल कळले, ना आपण काय कबूल केले ते कळले. मग फोन ठेविला आणि बहिणीस वर्तमान सांगितले. भामाबाई तेव्हा क्रेप कागदाची शेवंती करीत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेविली आणि पुसिले, "नको म्हणजे? कोणाला नको?" पंत बोलिले, "अगं, जागा नाही म्हणतात." बाई म्हणाल्या, "वहिनीला काय सांगू मी?" पंत देव्हाऱ्याकडे पाहो लागले. तेव्हा ऋजुता आतून आली. ही मुलगी आत्याच्या मांडीवर बसोन कागद कापावयास शिकली होती. तिने तेथेच निनादरावांस फोन लाविला आणि म्हणाली, "आत्याचं रुखवत नसेल तर मी पण नाही. आईला सांग." निनादरावांनी आईस सांगितले, कैसे सांगितले ते लेखकास ठाऊक नाही, परंतु सायंकाळी वकिलाच्या मुखे तह आला. कलम असे की, हॉलात डेझर्ट टेबल मधोमध, स्टेजसमोर, झुंबराखाली राहील, आणि रुखवतास एक टेबल दिले जाईल, ते जेवणाची रांग आणि पाण्याचे पिंप यांच्या मधल्या बोळात. भामाबाईंनी कलम ऐकिले आणि म्हणाल्या, "बोळ तर बोळ. तिथूनही दिसेल." बाईंचा मान दुखावला होता, ते त्यांनी त्या दिवशी तीन वेळा केलेल्या चहावरून सर्वांस कळले. परंतु तह मंजूर केला.

मग गडाचे काम सुरू जाहले. माळ्यावरून मंदाकिनीबाईंच्या माहेरची थोर पितळी परात काढिली, चिंच लावोन घासली, तिच्या पोटात मंदाकिनीबाईंचे नाव कोरलेले होते, ते लखलखीत जाहले, आणि त्याच परातीत गड बांधावा, म्हणजे उचलोन सासरी नेता येईल, ऐशी मसलत ठरली. तटाची भिंत शंकरपाळ्यांची, आणि शंकरपाळ्यास शंकरपाळा जोडावयास घट्ट पाक. बुरूज चकल्यांचे, एकावर एक. दरवाजा शेंगदाण्याच्या चिक्कीचा, त्यास लवंगांचे खिळे ठोकिले. तोफगोळे बुंदीच्या लाडवांचे, दारूखान्यात रचिले. अनारशांच्या ढाली भिंतीस टेकविल्या. खंदकात चिरोट्यांची कमळे सोडिली. गडाखाली रानात करंज्यांचे डोंगर, आणि त्यांवर हिरव्या कागदाची झाडी. शिबंदी म्हणोन सुपाऱ्या, त्यांस डोळे काढोन आणि जुन्या पत्रिकांच्या चमकी कागदाचे फेटे बांधोन तटावर उभे केले. आणि सर्वांत उंच, सदरेवर, सुपारीचा नवरा आणि सुपारीची नवरी, मध्ये रुमालाच्या तुकड्याचा अंतरपाट. भोवती टेबलास क्रेप कागदाच्या शेवंतीच्या माळा, ऐशा हुबेहूब की शेजारणीने नाकास लाविली आणि वास येत नाही म्हणोन कुरकुरली. एकदा पाक कच्चा राहिला आणि पश्चिमेचा तट बसला, तेव्हा ऋजुता म्हणाली, "आत्या, फेव्हिकॉल लावू का? कोण खाणार आहे!" भामाबाईंनी तिच्याकडे ऐसे पाहिले की मुलगी उठोन पुन्हा साखर मोजू लागली. "खायचं नसतं, पण खाण्याजोगं असावं लागतं," बाई बोलिल्या. "नाहीतर ती थट्टा झाली." पुढे जे घडले ते पाहता या वाक्याने कित्येकांचे प्राण वाचले.

लग्नाचे दिवशी वरपक्षाचे डेझर्ट टेबलही उभे राहिले. ते उभारणारा केतन नामे डेकोरेटर, दाढी कोरलेली, कानात काहीतरी घालोन सदा कोणाशी बोलत असे. त्याने फिकट जांभळ्या रंगाचा मनोरा केला, मनोऱ्यावर बोटभर केक, आणि काचेच्या चिमुकल्या प्याल्यांत थरावर थर मलई, आणि प्रत्येकापुढे वळणदार इंग्रजी अक्षरांची पाटी, आणि रेशमी फीत बांधलेले चमचे, ते भातुकलीतले वाटावे इतके लहान. सभोवती फुगे, दिवे, आणि पांढरी जाळी. शालिनीबाईंनी रंग स्वतः निवडिला होता. दुकानदारास चार छटा परत केल्या होत्या, आणि नमुना चाखावयास आठवडाभर उपास सोडोन गेल्या होत्या. मनोरा सुंदर जाहला, हे वैर बाजूस ठेवोन लिहिले पाहिजे. केतन बोळात येऊन गड पाहोन गेला, आणि म्हणाला, "काकू, एक बोर्ड लावू का? 'ट्रॅडिशनल रुखवत' असा?" भामाबाई म्हणाल्या, "रुखवताला पाटी कशाला रे? दिसतंय की." ही पहिली चूक. दुसरी चूक ऐशी की, बाई मुलीच्या पाठीशी उभ्या राहावयास स्टेजकडे गेल्या आणि जेवणाच्या कंत्राटदाराच्या माणसांनी पाहिले की आपल्या टेबलावर ताटल्या मावत नाहीत, आणि बोळातल्या टेबलाच्या कडेस वीतभर जागा आहे. त्यांनी ताटल्यांची चळत तेथे आणोन ठेविली. त्यांचा काही दोष नाही. ताटली कोठे तरी ठेवावीच लागते.

मग मंगलाष्टके जाहली, अक्षता पडल्या, आणि अक्षता पडताच आपल्या लोकांत जे होते तेच जाहले. दोन्ही राज्यांच्या फौजा वधूवरांस पाठ दाखवोन जेवणाकडे लोटल्या. आघाडीस वराचे थोरले काका बापूसाहेब. या गृहस्थांस मधुमेह, घरी गोडास बंदी, आणि त्यांचे कुटुंब सुमतीबाई रात्रंदिवस पहाऱ्यावर. परंतु सुमतीबाई त्या घटकेस स्टेजवर ओटी भरावयास गुंतल्या होत्या, आणि बापूसाहेबांनी ती संधी ओळखली. ताटली उचलिली, मान वर केली, आणि समोर रुखवतगड. ताटल्या येथे, अर्थात वाढणे येथेच, ऐसा त्यांनी तर्क केला. तर्कात खोट काढता येत नाही. बापूसाहेब मागे वळोन मोठ्याने बोलिले, "वा! हे बरं केलं यांनी, सुरुवातीलाच आपला फराळ!" आणि दारूखान्यातला लाडू काढिला, तो नेमका तळचा. तोफगोळे घरंगळले ते फौजेच्या पायी गेले. मग एल्गार जाहला. कोणी तटावर चालोन आले, कोणी खंदकात हात घातला, एका मावशीबाईंनी चिक्कीचा दरवाजा गुडघ्यावर आपटोन दुभंग केला आणि अर्धा आपल्या जावेस दिला. चकल्यांचे बुरूज वरून खाली ऐसे उतरले की जणू बांधलेच नव्हते. "अनारसा बघ रे, तोंडात विरघळतो," ऐसे एकजण म्हणे, आणि "लाडू कोणी केलेत? आचारी कोण यांचा?" ऐसे दुसरा पुसे, आणि कोणी उत्तर देईना कारण सर्वांची तोंडे भरलेली. बायकांनी कागदी शेवंती केसांत माळिली. शिबंदी सुपाऱ्यांची असल्याने वाचेल ऐसे वाटले होते, परंतु बापूसाहेबांनी सर्व आटोपल्यावर खिशातून अडकित्ता काढिला, आणि सदरेवरचा नवरा फेटा उतरवोन कातरिला. नवरी गडबडीत ताटल्यांखाली गडगडली म्हणोन वाचली. लेखक पाण्याचा पेला ठेवोन पोहोचला तो परातीत पाकाचे डाग होते.

आणि याच समयी डेझर्ट टेबलापाशी काय चालिले होते, ते ऐकावे. लोक येत, दोन हात दुरून उभे राहत, हात पाठीशी बांधत, आणि पाट्या वाचत. इतकी नीटस वस्तू, दिव्यांत ठेविलेली, नाव लिहिलेली, चमचा खेळण्यातला, हे रुखवतच, दुसरे काय? मुलांस आया सांगत, "लांबून बघ, हात लावायचा नाही." कोणी फोटो काढिले. एका वृद्ध बाईंनी तर शेजारी उभ्या शालिनीबाईंनाच सांगितले, "मुलीकडच्यांनी किती नाजूक केलंय हो रुखवत! हात लावायलासुद्धा भीती वाटते." शालिनीबाईंचा चेहरा मनोऱ्याच्या रंगाचा जाहला.

मग विधी आटोपले, आणि ज्या क्षणाकरिता भामाबाईंनी एवढी वर्षे घालविली तो क्षण आला. बाईंनी पदर सारखा केला, विहीणबाईंपाशी गेल्या आणि रीतीप्रमाणे त्यांचा हात धरोन म्हणाल्या, "चला विहीणबाई, रुखवत बघायला." आणि दोघी बोळात आल्या. समोर टेबल, टेबलावर परात, आणि परातीत काही नाही. भामाबाईंनी विहिणीचा हात सोडिला नाही, उलट घट्ट धरिला, जसा आधारास खांब धरावा. मग त्यांस रडू कोसळले. मोठ्याने नव्हे, परंतु थांबेना. "मी शब्द दिला होता हो," एवढेच त्या म्हणत. शालिनीबाईंनी वाकोन परातीत पाहिले, तो पाकाखालोन अक्षरे दिसू लागली होती, कारण गड होता तोवर ती झाकलेली होती. त्यांनी वाचिले आणि पुसिले, "सौ. मंदाकिनी म्हणजे…?" भामाबाई बोलिल्या, "ऋजूची आई." मग शालिनीबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या टेबलाला कोणी बोटसुद्धा लावलं नाही हो." भामाबाईंनी डोळे पुशिले आणि मधल्या मनोऱ्याकडे पाहिले, तो खरेच जसाचा तसा. "आणि माझं नुसतं टेबलच उरलं," त्या म्हणाल्या. हे बोलताना त्यांस किंचित हसू आले, आणि विहिणीसही आले. परंतु बाईंचे दुःख त्याने गेले नाही, हे लिहून ठेवितो. पाठवणीचे वेळी ऋजुतेने रिती परात उराशी धरिली, त्यात सुपारीची एकटी नवरी ठेविली, आणि गाडीत बसली. जांभळा मनोरा टेंपोत घालोन रुखवताच्या मानाने वरपक्षाचे घरी गेला, वाटेत उन्हाने वितळला, आणि त्याचा रंग टेंपोच्या फळीस लागला तो अद्याप निघत नाही.

भामाबाई घरी आल्या आणि मंदाकिनीबाईंच्या तसबिरीकडे पाहीनात. दिवा लावीत तोही मान खाली घालोन. ऐसे काही दिवस गेले आणि ऋजुता मांडवपरतणीस आली. संगे निनादराव, आणि, कोणी अपेक्षिले नव्हते, विहीणसाहेब जातीने. त्यांच्या हाती तीच परात, वर रुमाल झाकलेला. शालिनीबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, एवढी रीत आम्हालाही ठाऊक आहे." रुमाल काढिला. आत लाडू होते, बुंदीचे. काही मोठे, काही बसके, एकदोन सरळ पसरलेले, आणि ते गडासारखे रचावयाचा कोणी प्रयत्न केला होता आणि तो सोडोन दिला होता. मधोमध सुपारीचा एक नवरा, फेटा वाकडा. "फेटा बापूभावजींनी बांधलाय," विहीणबाई म्हणाल्या. "सुमतीवहिनींनी बांधायला लावला. तो आमच्या घरी नवरीशेजारी उभा करायचाय, पण आधी तुम्हाला दाखवायचा होता." मग परात खाली ठेविली आणि भामाबाईंसमोर बसल्या. "लाडू मी केलेत. पहिल्यांदाच. तुम्ही सांगा कसे झालेत." भामाबाईंनी लाडू घेतला, फोडू गेल्या तो फुटेना, मग दाताने तोडिला. घरात सर्व थांबले, दिगंबरपंत तर उभे राहिले. बाई बोलिल्या, "पाक पुढे गेलाय." मग चावीत राहिल्या. "वेलची बरोबर आहे." आणि दुसरा घेतला. भामाबाईंस दुसऱ्या कोणी लाडू करोन आणिला, ऐसे त्यांच्या आयुष्यात पूर्वी घडल्याचे कोणास आठवत नाही.

मग बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "पण रुखवत काही तुमच्या घरी पोचलं नाही." शालिनीबाई म्हणाल्या, "असं कसं? आमच्या घरची सगळी माणसं तिथेच होती. भावजी, मावशी, माझ्या दोन्ही जावा. त्यांनीच तर खाल्लं सगळं. अजून विचारतात, लाडू कोणी केले होते म्हणून. मला मात्र एक करंजीसुद्धा मिळाली नाही." भामाबाई उठल्या, परातीतला त्यातल्या त्यात गोल लाडू निवडिला, तसबिरीपुढे ठेविला, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मान वर करोन भावजयीच्या डोळ्यांस डोळा दिला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "पोचलं बरं का." आणि तेथोनच स्वयंपाकघरात गेल्या आणि रव्याचा डबा काढिला, कारण भरली परात आली तर ती रिती परत धाडू नये, ही रीत त्यांसही ठाऊक होती.

तात्पर्य, गड एका घटकेत पडला, दोन्ही राज्यांचा तह पक्का जाहला, बापूसाहेबांचा अडकित्ता जप्त जाहला. परात अद्याप येते आणि जाते, कधी करंज्या, कधी अनारसे, आणि शालिनीबाईंचा पाक आता बराच सुधारला आहे. आणि भामाबाईंनी आपला जुना नेम मोडिला, आता परातीत काही घालण्यापूर्वी एक चाखोन पाहतात. जैसे घडले तैसे लिहिले, लेखकास लाडू अद्याप मिळाला नाही, साहेबी यावर विचार करावा.